रिकामं गाळणं

नेमगोंडा चौगुले बटाटा खात नसत. कांदा, लसूण, रताळं, गाजर, जमिनीच्या पोटात वाढलेलं काहीच खात नसत. आणि सरकारनं त्यांना तीस वर्षं पगार दिला, तो जमिनीच्या पोटात भोकं पाडण्याबद्दल. ही गंमत मी त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवली. तेव्हा मी साताऱ्याहून सांगलीला नवीन बदलून आले होते. रसायनशास्त्राची पदवी पदरात होती आणि जीभ आजच्यापेक्षा तिखट होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मी तिच्यातलं काय खात न्हाई, म्हणून तर ती मला उकरू देती, बाई."

आमचं ऑफिस म्हणजे माती-पाणी तपासायची प्रयोगशाळा. पेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. हळदीचा हंगाम आला की पिवळी धूळ माझ्या तराजूवर बसायची आणि मी रोज सकाळी ती पुसत बडबडायची. बाटल्या आणि नळ्या माझ्याकडे, बाहेर जाऊन माती आणायचं काम अण्णांचं. सगळं ऑफिस त्यांना अण्णाच म्हणायचं. जैन शेतकऱ्याच्या घरातला बुटका, काळसर माणूस. पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि सायकलला बांधलेलं गिरमिट. लांब लोखंडी दांडा, टोकाला पीळ दिलेलं पातं. फिरवत फिरवत खाली जायचं, दांडा पुरला नाही की वर दुसरा जोडायचा.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत हमरस्ता रुंद होत होता. रस्त्याकडेचे जुने पेट्रोलपंप हलत होते, मालमोटारींच्या आवारांतल्या जमिनीखालच्या टाक्या उपसून काढल्या जात होत्या. टाकी गेली की खड्ड्यात मुरूम भरायचा, वर पाणी मारायचं, झालं. मग कुणाच्या तरी विहिरीला वास यायचा, अर्ज यायचा, आणि अण्णा गिरमिट घेऊन निघायचे.

भोक पाडण्याआधी ते चपला काढून ठेवत, जमिनीला हात लावत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. मला वाटलं मंत्र असेल. विचारलं तर म्हणाले, "माफी मागतोय. मुंग्यांची, गांडुळांची. भोक तर पाडायचंच हाय, निदान सांगून पाडावं." दर हातभर खोलीची चिमूटभर माती ते मुठीत धरून ऊब देत आणि मग डोळे मिटून नाकाखाली मूठ उघडत. पेट्रोल, डिझेल की रॉकेल, किती जुनं, हे तिथंच सांगत. मी मागाहून ती माती बाटलीत कोमट पाण्यात घालून हलवायची, वर रंगीत तवंग येतो का बघायची. त्यांच्या नाकानं सांगितलेलं माझ्या बाटलीनं कधी खोडून काढलं नाही. मला याचा थोडा रागच यायचा.

त्यांचा एक कायदा होता. भोक पाणी लागेस्तवर न्यायचं, नाहीतर दगड लागेस्तवर. मध्ये थांबायचं नाही. "अर्ध्यात थांबला तो खाली काय हाय ते न बघताच घरी गेला," असं ते नव्या मजुरांना सांगत.

उंब्रजला हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिथं एका निवृत्त सुभेदारांनी बंद पडलेल्या पंपाची जागा घेतली होती, खाणावळ काढायला. शेजाऱ्यानं विहिरीला वास येतो म्हणून अर्ज केला. सुभेदार मिशीला पीळ देत म्हणाले, "आवं अण्णा, टाक्या टरकात घालून नेल्या की. आता भोकात काय हुडकताय?"

"टाकी गेली सुभेदार. टाकीनं वकल्यालं ऱ्हायलंय."

सुभेदार हसले. गिरमिट आठ फूट गेलं, नऊ गेलं, काहीच नाही. सुभेदारांनी चहा मागवला आणि खाणावळीत काय काय ठेवणार याची यादी सुरू केली. अकराव्या फुटाला अण्णांनी मूठ उघडली आणि त्या मातीचा गोळा रस्त्यापलीकडे नेऊन एका पत्र्यावर ठेवला. आगपेटीची काडी लावली. माती निळीपिवळी पेटली. सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

त्याच दिवशी मला अण्णांचं दुसरं एक वेड कळलं. ते कुठलंही पाणी गाळल्याशिवाय पीत नसत. खिशात दुपदरी पांढरं कापड असायचंच. ते मी आधी पाहिलं होतं. पण उंब्रजला रस्त्यापलीकडच्या एका चांगल्या विहिरीचं पाणी गाळून प्यायल्यावर ते कापड खिशात न ठेवता हातावर तोलत पुन्हा विहिरीकडं चालू लागले. जीप उभी, ड्रायव्हर वैतागलेला. कापडात अडकलेले बारीक जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडायचे, असा त्यांच्यात नियम. दुसऱ्या पाण्यात सोडले तर मरतात. मी म्हटलं, "अण्णा, तुमचे जीव पत्ता लिहून येतात वाटतं." ते म्हणाले, "पत्ता त्यांचा त्यांना ठावं असतोय. माणसालाच सांगावा लागतोय."

तिसरं वेड सूर्याचं. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. एकदा पाटणहून परतताना जीप पंक्चर झाली आणि ऊन उतरू लागलं. चाक बदलून होईतो हा माणूस मैलाच्या दगडावर बसून एक डोळा डोंगराकडं ठेवून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असा काही भरभर खात होता, की मला हसू आवरेना. शेवटचा घास आणि सूर्याची कड एकदमच दिसेनाशी झाली. तेव्हा मी पोट धरून हसले होते. पुढं या गोष्टीवर मला कधीच हसता आलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. गावाचं नाव सांगत नाही, माणसं तिथं अजून नांदताहेत. सांगलीपासून सायकलनं पाऊण तास, कृष्णेच्या बाजूला. गावाच्या कडेला मालमोटारींचं एक आवार होतं. मालकानं डिझेलची टाकी काढून जागा विकायला काढली, आणि घेणाऱ्यानं जमीन चांगली असल्याचा कागद मागितला. दुष्काळ संपत आला होता, पण त्या उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या आणि पाणी कुठल्या कुठं खाली गेलं होतं. अण्णांनी दोन दिवसांत चार भोकं घेतली. चार पुड्या माती माझ्याकडं आली. माझ्या बाटल्यांत तवंगाचा ठिपकासुद्धा दिसला नाही. अण्णांनी शाईनं ठसठशीत लिहिलं, 'जमीन निर्दोष आहे.' त्यांच्या सहीखाली माझी सही आहे.

त्या आवारापासून उताराला, दोन शेतं टाकून, अण्णांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. आक्का. आई लवकर गेल्यामुळं नेमगोंडांना तिनंच वाढवलेलं. नवरा गेल्यावर तिनं व्रत घेतलं होतं. आपल्या दारच्या विहिरीचं, आपल्या हातानं गाळलेलंच पाणी प्यायचं. गल्लीतली आठ घरं त्याच विहिरीवर भरायची. अण्णा दर रविवारी तिला भेटायला जात आणि सोमवारी आम्हाला आक्कानं काय म्हटलं ते सांगत. आक्काच्या तोंडचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

पुढचा पावसाळा चांगला झाला. विहिरी भरल्या. दिवाळीनंतरच्या सोमवारी अण्णा फराळाचा डबा घेऊन आले. बेसनाचा लाडू माझ्या हातावर ठेवत खुशीत म्हणाले, "बाई, आक्काच्या हिरीचं पाणी असलं निर्मळ झालंय म्हणता! गाळण्यात एक जीव ऱ्हात न्हाई. आक्का म्हणती, माझ्या हातनं आता एक बी हत्या व्हत न्हाई, देवानंच सोय केली."

मी लाडू खाता खाता म्हटलं, "मग तुमच्या जिवांनी बिऱ्हाड हलवलं की काय?"

अण्णा हसले. हसता हसता थांबले. त्यांच्या हातातला लाडू तसाच राहिला. माझ्याकडं नव्हे, माझ्या तराजूकडं बघत हळू म्हणाले, "चांगल्या हिरीत जीव नसत्यात, असं कवा झालंय हो बाई?"

डब्याचं झाकणसुद्धा न लावता ते बाहेर पडले. संध्याकाळी आक्काच्या विहिरीची बाटली माझ्या टेबलावर होती. वास अगदी पुसट. पण बाटली उन्हात तिरकी धरली तेव्हा पाण्यावरून एक रंगीत रेघ सरकली. एवढ्या दिवसांत आठ घरांतल्या कुणालाच वास कसा आला नाही, असं मी विचारलं. उत्तर खरं तर मलाही ठाऊक होतं. तेव्हा कुठल्या घरात रॉकेलचा वास नसायचा? स्टोव्ह, चिमणी, कंदील. आक्का तर पाणी गाळून वर स्टोव्हवर उकळायची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. आवारात आता नव्या मालकाच्या विटांचे ढीग होते. अण्णा सरळ चौथ्या भोकाच्या जागी गेले, उताराच्या अंगाला. चपला काढल्या, जमिनीला हात लावला. या खेपेला काही पुटपुटले नाहीत. दहा फूट चांगली माती आली. अकराव्याला ओल. बाराव्याला त्यांनी मूठ उघडली आणि नाकाशी नेलीच नाही. हातभर अंतरावरून मलाच वास आला. ती मूठ माझ्यापुढं धरून ते खाली बसले.

"दोन फूट, बाई," ते म्हणाले. "दोनच फूट ऱ्हायलं हुतं."

मग सांगितलं. त्या उन्हाळ्यातल्या दुसऱ्या दिवशी, चौथं भोक चालू असताना दिवस कलला होता. आदल्या दिवशी त्यांचा उपास होता. पाणी नाही, दगड नाही, दांडे शिल्लक होते. तेवढ्यात बांधावरून आक्कानं हाक मारली, "नेमू, दिवस चालला रं, जेवून घे." त्यांनी दहा फुटांवर गिरमिट काढलं, माती पुडीत बांधली आणि तिच्या ओसरीवर जाऊन जेवले. सकाळी परत यायचं ठरवलं होतं. सकाळी मनानं घेतलं की तीन भोकं चांगली आहेत, चौथ्यात काय वेगळं असणार. डिझेल भेगांतून खाली उतरून बाराव्या फुटाला बसलं होतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं आणि त्याला घेऊन विहिरीत गेलं.

त्या दिवसापासून अण्णांनी संध्याकाळचं जेवण सोडलं. मी एकदाच विषय काढला. ते म्हणाले, "दिवस मावळायची घाई आता न्हाई मला."

तिथून आम्ही आक्काकडं गेलो. आक्का ओसरीवर बसली होती, कापूस निवडत. मला पाट दिला. अण्णा उभेच राहिले.

"आक्का, ह्ये पाणी पिऊ नगंस."

"का रं? असलं पाणी उभ्या जन्मात बघितलं न्हाई. गाळणं बघ की, कसं कोरं हाय."

"म्हणूनच म्हणतोय. डिझेल उतरलंय त्यात. जीव मेल्यात समदे."

"वास त्या इस्टोचा येतोय. आणि तूच लिवून दिलंयस न्हवं, जमीन चांगली हाय म्हणून? माझा नेमू खोटं लिवत न्हाई."

"खोटं न्हाई लिवलं. अर्धं बघून लिवलं." अण्णांना पुढचं वाक्य जड गेलं. "मी चुकलो, आक्का."

तिनं कापूस बाजूला ठेवला. मग मायेनं हसून म्हणाली, "माझं व्रत मोडावं म्हणून असलं बोलतोस व्हय रं? सांगलीत ऱ्हाऊन लय शिकलास." मला त्या हसण्याची भीती वाटली. ज्याच्यावर कुणी एवढा विश्वास ठेवला असेल, त्यानं आपली चूक सांगायची तरी कशी?

गल्लीनं मात्र ऐकलं. सात घरं नदीवरून पाणी आणू लागली, आणि डोक्यावर घागर घेऊन जाताना अण्णांना ऐकू जाईल असं बोलू लागली. अण्णांनी विहिरीच्या कठड्यावर चुन्यानं लिहिलं, 'हे पाणी पिऊ नये,' आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. जागेच्या नव्या मालकानं कुणाकडून तरी ते खरवडून घेतलं. अण्णांनी पुन्हा लिहिलं. हे तीन-चार वेळा झालं.

ऑफिसात त्यांनी दुसरा अहवाल लिहिला. पहिलं वाक्य असं होतं, 'माझा पूर्वीचा अहवाल चुकीचा आहे व चूक माझी आहे.' तो टंकायला ते माझ्याकडं घेऊन आले. मी म्हटलं, अण्णा, 'चूक आमची आहे' असं करू, माझीही सही आहे. ते म्हणाले, "तुमी धा फुटांची माती तपासली. ती चांगलीच हुती." साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते.

"चौगुले, जागा विकली गेली, बांधकाम सुरू झालं. निवृत्तीला सहा महिने राहिलेत तुमच्या. आता कशाला अंगावर ओढवून घेता?"

"अंगावर हायच साहेब. त्येच लिवून आणलंय."

साहेबांनी कागद खणात ठेवला. तो खणातून पुढं कुठं गेला असेल तर मला ठाऊक नाही.

आक्का ते पाणी पीत राहिली. अण्णा नदीची घागर ओसरीवर ठेवायचे, ती झाडांना घालायची. थंडी सरता सरता तिला अन्न जाईना, तोंड आलं, उलट्या होऊ लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी वयाकडं बोट दाखवलं. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा तिचा हात अण्णांच्या हातात होता. तिनं अण्णांचं म्हणणं कधी मानलं ते मला माहीत नाही. माझ्यासमोर तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी रं नेमू, मेल्याल्या जिवांचं पाणी पीत हुते व्हय मी?"

अण्णांनी दुसऱ्या हातानं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"परत येत्याल का रं त्ये?"

"येत्याल आक्का."

"आलं म्हंजी सांग मला."

ती गुढीपाडव्याच्या आधी गेली. कशानं गेली ते कुणी सांगितलं नाही आणि माझ्या बाटलीलाही ते सांगता येण्यासारखं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर मी अण्णांना म्हटलं, सत्तरीची बाई, पाण्यानंच गेली असं कशावरून? त्यांनी मान हलवली. "बाई, बाटलीत दिसल्यालं तेवढंच सांगा. न दिसल्यालं सांगून मला सोडवू नगा." त्या उत्तराचा मला राग आला होता. आज येत नाही.

अण्णा निवृत्त झाले, मी साताऱ्याला परतले. दोन-तीन वर्षांनी कामानिमित्त सांगलीला आले तेव्हा बसनं त्या गावी गेले. आवाराच्या जागी गोदाम उभं होतं. आक्काचं दार बंद. अण्णा विहिरीपाशी होते. टोपीखालचे केस पार पांढरे झालेले, पाठ वाकलेली. कठड्यावर चुन्याची अक्षरं ताजी होती. मला बघून त्यांना आनंद झाला, पण हातातलं काम त्यांनी सोडलं नाही.

दोर सोडून त्यांनी कळशी वर काढली. दुपदरी कापड भांड्यावर धरून पाणी सावकाश ओतलं. मग ते ओलं कापड दोन्ही हातांनी उन्हाकडं धरलं आणि डोळ्यांपाशी नेऊन इंचाइंचानं पाहू लागले. दर अमावस्या-पुनवेला अण्णा असे येऊन बघतात म्हणे. मीही वाकून पाहिलं. पांढरं कापड, दुसरं काही नाही.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, नदीच्या पाण्याच्या दोन घागरी ओता आत. जीव येतील चार. तेवढंच तुमच्या मनाला बरं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. "दुसऱ्या पाण्याचं जीव हितं आणून मारू व्हय? आणि आक्काला काय सांगू, आलं म्हणून?"

त्यांनी चपला काढल्या. रिकामं कापड उलटं करून कळशीत खळबळलं आणि ती कळशी, नियमाप्रमाणं, हळूच परत विहिरीत उतरवली. मग कठड्यावर दोन्ही हात टेकून ते आत वाकले.

"आज बी न्हाई, आक्का."